प्रवाळाची टाकी आणि चुन्याचा हिशोब

दोन वर्षांपूर्वी मृगाचा पाऊस अगदी वेळेवर आला. राजारामपुरीतल्या आमच्या घरात एप्रिल-मे रात्रंदिवस फिरणारे पंखे थांबले, वळचणीचं पाणी आत येऊ नये म्हणून खिडक्या लागल्या. हॉलमध्ये माझी समुद्राच्या पाण्याची २०० लिटरची टाकी आहे. पाऊस लागून दहा-बारा दिवस झाले असतील. सकाळी टाकीचा दिवा लागला आणि खडकावर पसरलेल्या मॉन्टीपोरा या प्रवाळाच्या एका कडेला नखाएवढी पांढरी रेघ दिसली. दुसऱ्या दिवशी ती बोटभर रुंद झाली होती. तिथलं मांस गेलं होतं आणि खालचा सांगाडा उघडा पडला होता.

मी टाकीत काहीच बदललं नव्हतं. दिवे तेच, पंप तोच, माशांचं खाणं तेच. बदललं होतं ते कोल्हापूरचं हवामान. त्याचा या रेघेशी काय संबंध, हे सांगायचं तर आधी प्रवाळ म्हणजे काय इथपासून सुरुवात करावी लागेल.

घरी येणारा जवळजवळ प्रत्येक पाहुणा टाकीसमोर उभा राहून विचारतो, "हे झाड आहे का दगड?" प्रश्न चुकीचा नाही, कारण प्रवाळात दोन्हीचा अंश आहे. मुळात मात्र तो प्राणी. बहुतेक कठीण प्रवाळ म्हणजे एकमेकांना चिकटून राहणाऱ्या शेकडो-हजारो इवल्या जिवांची वसाहत. एकेका जिवाला पॉलिप म्हणतात. मॉन्टीपोराचा पॉलिप मोहरीच्या दाण्याएवढा, मधे एक तोंड आणि भोवती बारीक शुंडकांचं, म्हणजे सोंडेसारख्या हातांचं वर्तुळ. त्याच्या मांसात एकपेशीय शैवाल राहतं. हे शैवाल उजेडावर साखर तयार करतं आणि त्यातला मोठा वाटा यजमानाला देतं. उथळ पाण्यातल्या अनेक प्रवाळांची ९० टक्क्यांपर्यंत ऊर्जेची गरज अशी भागते. त्या ऊर्जेवर पॉलिप आपल्या बुडाखाली चुन्याचा दगड घालत जातो. जोत्यावर जोतं रचत तो वर सरकतो, आणि खाली राहतो तो सांगाडा.

आपल्या गुजरीत अंगठीत बसवून मिळतं ते लाल पोवळं वेगळ्या गटातलं. त्याला आत शैवाल नसतं, ते खोल आणि अंधाऱ्या पाण्यात वाढतं आणि प्रवाळभित्तीही बांधत नाही. मी इथे लिहिते आहे ते भिंती बांधणाऱ्या कठीण प्रवाळांबद्दल.

आता या जिवाला आपण काय द्यायचं? नवीन माणूस दिव्यांपासून सुरुवात करतो, कारण दिवे दिसतात आणि महागही असतात. माझं मत असं, की दिवे आणि पंप एकदा नीट बसवले की ते आपलं काम करतात. रोज खर्च होतो तो पाण्यातला चुना, आणि टाकी फसते ती बहुतेक वेळा तिथेच.

बांधकामाला पॉलिपला दोन गोष्टी लागतात, कॅल्शियम आणि कार्बोनेट. दोन्ही तो पाण्यातून उचलतो. समुद्राच्या एका लिटर पाण्यात साधारण ४२० मिलिग्रॅम कॅल्शियम असतं. कार्बोनेट आणि बायकार्बोनेटचा साठा मोजायला 'अल्कलिनिटी' नावाचं माप आहे. त्याचं छंदी मंडळींमधलं एकक डीकेएच. समुद्रात ते ७ च्या आसपास असतं आणि घरच्या टाकीत ७ ते ९ च्या दरम्यान ठेवतात.

हे दोन साठे वापरले जातात ते ठरलेल्या प्रमाणात. अल्कलिनिटी १ डीकेएच उतरली, की त्याच बांधकामात कॅल्शियम लिटरमागे फक्त ७ मिलिग्रॅमच उतरतं. आता हिशोब बघा. ८ पैकी १ गेला म्हणजे साठ्याचा आठवा हिस्सा गेला. ४२० पैकी ७ गेले तर मोजणीच्या बाटलीत फरक कळणारसुद्धा नाही. घरात तांदळाचं पोतं आणि तिखटाची बरणी दोन्ही रोज वापरात असतात, पण आधी तळ दिसतो तो बरणीचा. प्रवाळाच्या टाकीत ती बरणी म्हणजे अल्कलिनिटी. म्हणून कॅल्शियम आठवड्याला तपासलं तरी चालतं, अल्कलिनिटी मात्र निदान दोन दिवसांआड बघावी लागते, नव्या टाकीत तर रोज.

तपासणी अवघड नाही. मी ती स्वयंपाकघरातल्या ओट्यावर करते, कारण तिथे उजेड चांगला आहे. काचेच्या छोट्या कुपीत टाकीतलं ४ मिलिलिटर पाणी घ्यायचं, त्यात रंगाचे थेंब टाकायचे, पाणी निळसर हिरवं होतं. मग सिरिंजमधलं सौम्य आम्ल थेंबाथेंबानं सोडत कुपी हलवत राहायची. बराच वेळ काही घडत नाही. मग एखादा थेंब पडतो तिथे गुलाबी ढग उठतो आणि हलवताच विरतो. तिथून पुढे घाई करायची नाही. ज्या थेंबाला सगळी कुपी गुलाबी-नारिंगी होऊन तशीच राहते, तिथे थांबायचं आणि सिरिंजवरचा आकडा वाचायचा. रोज एकाच वेळी मोजा, कारण दिवे चालू असताना प्रवाळ जास्त बांधतो आणि सकाळ-संध्याकाळच्या आकड्यात थोडा फरक पडतो. आकडा वहीत लिहा. एकट्या आकड्याला फारसा अर्थ नसतो, खरी गोष्ट सात दिवसांच्या ओळीत दिसते.

माझ्या मते या सगळ्या विषयातलं सगळ्यात महत्त्वाचं वाक्य हे: ७.५ चांगलं की ९ चांगलं, या वादात वेळ घालवू नका, जो आकडा धराल तो हलू देऊ नका. कायम ७.५ वर असलेल्या टाकीत प्रवाळ सुखानं वाढतो. आज ९, परवा ७, पुन्हा ९ अशा टाकीत तो कडेनं मांस सोडायला लागतो.

मग रोजचा खर्च भरून कसा काढायचा? प्रवाळ थोडे असतील तर आठवड्याला दहा टक्के पाणी बदललं, नवं मिठाचं पाणी घातलं, की काम भागतं. प्रवाळ वाढले की तेवढं पुरत नाही. तेव्हा दोन मार्ग आहेत आणि दोन्हींतलं सामान आपल्या घरांना ओळखीचं आहे.

पहिला मार्ग चुन्याच्या निवळीचा. जगभरचे छंदी याला जर्मन नावानं 'काल्कवासर' म्हणतात, म्हणजे चुन्याचं पाणीच. मी पहिल्यांदा ते मोठ्या बरणीत कालवून ठेवलं, तेव्हा सासूबाईंनी बरणी बघितली आणि म्हणाल्या, "अगं, ही तर निवळी. आमच्यात लहान पोरांना देत होते की." एका लिटर शुद्ध पाण्यात जेमतेम दीड ग्रॅम चुना विरघळतो, बाकीचा तळाशी बसतो. वरचं नितळ पाणी तेवढं वापरायचं. त्यावर कागदासारखी पांढरी साय धरते, ती हवेतल्या कार्बन डायऑक्साइडशी चुना मिळून झालेला चुन्याचा दगड. जुन्या वाड्यांच्या भिंतीत घाण्यावर दळलेला चुना वर्षानुवर्षं घट्ट होत जातो, तो याच क्रियेनं. साय मोडू नका, बरणी सारखी ढवळू नका, झाकण लावून ठेवा, नाहीतर विरघळलेला चुना बरणीतच दगड होऊन बसेल आणि टाकीला काही मिळणार नाही.

पानाबरोबर खायचा चुना मूळ तोच पदार्थ असला तरी टाकीत घालू नका. त्यात आणखी काय मिसळलंय याची खात्री नसते. प्रयोगशाळेला मिळतो तसा शुद्ध कॅल्शियम हायड्रॉक्साइड घ्या. निवळी डोळ्याला आणि कातडीला भाजते, म्हणून हातमोजे घाला आणि ती मुलांच्या हाताला लागेल अशी ठेवू नका. टाकीत ती थेंबथेंबच सोडायची, शक्यतो रात्री, कारण रात्री पाण्याचा पीएच, म्हणजे आम्ल-अल्कतेचा आकडा, उतरलेला असतो आणि निवळी तो वर उचलते.

दुसरा मार्ग दोन बाटल्यांचा. एकीत खाण्याचा सोडा, म्हणजे सोडियम बायकार्बोनेट, आणि दुसरीत कॅल्शियम क्लोराइड. १०० लिटर पाण्याची अल्कलिनिटी १ डीकेएचनं वाढवायला ३ ग्रॅम सोडा लागतो. माझ्या २०० लिटरला ६ ग्रॅम, आणि त्याच्या जोडीला कॅल्शियम क्लोराइडचा पाण्यासह येणारा स्फटिक सव्वापाच ग्रॅम. दोन्ही वेगवेगळे विरघळवा, वेगवेगळ्या वेळी, पंपाचा जोर असेल त्या जागी हळूहळू सोडा. एकाच जागी ओतलेत तर पांढरा धुरळा उठेल, म्हणजे प्रवाळाच्या आधी पाण्यानंच दगड बांधून टाकला. असं आपोआप होऊ न देण्याचं काम पाण्यातलं मॅग्नेशियम करतं. स्फटिक बनायला लागला की ते त्याच्या पृष्ठभागावर जाऊन बसतं आणि वाढ अडवतं. लिटरला १३०० मिलिग्रॅमच्या आसपास मॅग्नेशियम ठेवा. ते कमी असेल तर तुम्ही कितीही चुना घाला, आकडा वर टिकत नाही.

आता पुन्हा त्या जूनकडे येते.

कोल्हापूरच्या मे महिन्यात टाकीचं पाणी सहज ३० अंशांपलीकडे जातं. प्रवाळाला २५ ते २७ अंश मानवतात. पाणी फार काळ तापलेलं राहिलं की आतलं शैवाल त्रास द्यायला लागतं, प्रवाळ त्याला बाहेर टाकतो, आणि रंग गेलेल्या मांसातून खालचा पांढरा सांगाडा दिसायला लागतो. यालाच ब्लीचिंग म्हणतात. २०२४ च्या एप्रिलमध्ये जगभरातलं चौथं मोठं ब्लीचिंग जाहीर झालं, आणि त्या वर्षी आपल्या लक्षद्वीपचे प्रवाळही पांढरे पडले. टाकीत निदान पंखा लावणं आपल्या हातात असतं. माठ जसा गार होतो तशीच पंख्याखाली टाकी गार होते. एक लिटर पाणी वाफ होऊन जाताना इतकी उष्णता नेतं की २०० लिटर पाणी जवळजवळ तीन अंशांनी उतरावं. कोरड्या मे महिन्यात माझ्या टाकीतून रोज दोन लिटर पाणी उडत होतं. वाफेबरोबर मीठ जात नाही, म्हणून तेवढंच गोडं पाणी रोज घालावं लागतं. ते पाणी मी निवळीच्या रूपात घालत होते. बरणीतून नळी, नळीला तरंगता बॉल, पातळी उतरली की आपोआप निवळी सुटणार.

एक लिटर निवळी माझ्या टाकीला साधारण अर्धा डीकेएच देते. दोन लिटर उडत होतं तोवर रोज एक डीकेएचच्या वर मिळत होतं, आणि प्रवाळ तेवढं खात होते. वही बघितली तर मे महिनाभर ८.३ ची सरळ ओळ. त्या ओळीवर भरवसा ठेवून मी जूनमध्ये तपासणं सोडलं.

मग पाऊस आला. पावसात माठ गार होत नाही, कारण हवा आधीच ओली असते. तसंच टाकीचं पाणी उडायचं थांबलं. दोन लिटरांवरून पाऊण लिटर. बॉल उतरेना, निवळी सुटेना. प्रवाळाचं बांधकाम मात्र चालूच होतं. ज्या सकाळी पांढरी रेघ बोटभर दिसली, त्या सकाळी कुपीतला आकडा ६ निघाला. त्यात खिडक्या बंद, घरात माणसं, गॅस चालू. खोलीतला कार्बन डायऑक्साइड वाढला की तो टाकीच्या पाण्यातही उतरतो. अल्कलिनिटीचा आकडा त्यानं बदलत नाही, पण पीएच खाली येतो आणि प्रवाळाला दगड घालणं जास्त कष्टाचं होतं. एकाच वेळी माल कमी आला आणि मजुरी वाढली.

अशा वेळी एकदम भरपाई करायचा मोह होतो. तो आवरा. ६ वरून ८.३ वर एका दिवसात गेलात तर दुसरा धक्का बसतो. मी रोज ३ ग्रॅम सोड्यानं अर्धा डीकेएच वाढ, शिवाय त्या दिवसाचा खर्च वेगळा, असं करत पाच दिवसांत मूळ जागी आले. टाकीच्या बाजूची एक खिडकी पावसातही दोन बोटं उघडी ठेवायला लागले. तेव्हापासून मृग लागला की माझी पद्धत बदलते. निवळीची बरणी बंद, गोड्या पाण्याची वेगळी, आणि चुना दोन बाटल्यांतून मोजून. त्यामुळे हवेत दमट-कोरडं काहीही होवो, चुन्याचा आकडा त्यावर अवलंबून राहत नाही.

गोड्या पाण्याबद्दल एक सांगायलाच हवं. नळाचं किंवा बोअरचं पाणी थेट वापरता येत नाही, त्यात क्लोरिन, फॉस्फेट, क्षार सगळं असतं. "घरी आरओ आहे की" असं बरेच जण म्हणतात. पिण्याच्या बऱ्याच आरओमध्ये चवीसाठी थोडे क्षार परत मिसळलेले असतात. आपल्याला टीडीएस, म्हणजे पाण्यात विरघळलेल्या क्षारांचा आकडा, शून्य हवा. त्यासाठी आरओच्या पुढे उरलेसुरले क्षार धरून ठेवणाऱ्या डीआय रेझिनची नळी जोडावी लागते. मिठाचं पाणीही याच शून्य पाण्यात बनवायचं, लिटरला ३५ ग्रॅम क्षार भरेल इतकं. आरओनं सोडून दिलेलं पाणी मी बादलीत धरते, फरशीला आणि पायरीला होतं.

उजेड आणि प्रवाहाबद्दल थोडक्यात. अ‍ॅक्रोपोरासारख्या बारीक पॉलिपच्या, फांद्यांच्या प्रवाळाला जोरदार निळसर उजेड आणि दिशा बदलणारा खळखळाट लागतो. टॉर्च, हॅमर, फेविया अशा मोठ्या पॉलिपवाल्यांना मंद उजेड आणि शुंडकं डुलतील एवढीच हालचाल पुरते. नवीन तुकडा आणला की तो आधी तळाशी ठेवा, दोन-तीन आठवड्यांत वर सरकवा. टॉर्चला शेजार नको, रात्री त्याची शुंडकं लांबतात आणि शेजाऱ्याला भाजतात, वीतभर अंतर सोडाच. सुरुवात करणाऱ्यानं मोठ्या पॉलिपवाल्यांपासून करावी, मग मॉन्टीपोरा, आणि टाकीला वर्ष झाल्यावर वहीतली ओळ सरळ दिसायला लागली तर अ‍ॅक्रोपोरा. माशांच्या आजारावरचं तांब्याचं औषध प्रवाळाच्या टाकीत कधीही घालू नका.

पाणी अगदी निर्मळ करायच्या नादात नायट्रेट आणि फॉस्फेट शून्यावर आणू नका. आतल्या शैवालाला थोडं खत लागतं. लिटरला नायट्रेट ५ मिलिग्रॅमच्या आसपास आणि फॉस्फेट ०.०५ च्या आसपास असलं की प्रवाळाला रंग भरतो. शून्यावर तो फिकट पडतो आणि वाळूवर तपकिरी चिकट थर धरायला लागतो.

प्रवाळ आणायचा कुठून, हा प्रश्न सगळ्यांच्या आधीचा आहे आणि मी त्यात कडक आहे. भिंती बांधणारे सगळे कठीण प्रवाळ वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या परिशिष्टात आहेत, म्हणजे वाघाच्या रांगेत. गगनबावडा उतरून आपण मालवणला जातो, तिथला सागरी अभयारण्याचा भाग १९८७ पासून संरक्षित आहे आणि किल्ल्याच्या आसपासच्या पाण्यात जिवंत प्रवाळ आहेत. तिथून, अंदमानातून, कच्छच्या आखातातून, कुठूनही उचललेला तुकडा घरात नको. वाळूत सापडलेला मेलेला पांढरा तुकडासुद्धा पिशवीत टाकून आणू नये, तोही याच कायद्यात येतो. परदेशातून येणाऱ्या प्रवाळाला साइट्स, म्हणजे धोक्यातल्या जीवजातींच्या व्यापारावरच्या आंतरराष्ट्रीय कराराखालचा परवाना लागतो. विकणाऱ्याकडे कागद मागा, आपल्याकडे त्याची प्रत ठेवा, आणि पैसे देण्याआधी वनविभागाच्या कार्यालयात जाऊन विचारा. कागद नसेल तर तुकडा कितीही स्वस्त असू दे, घेऊ नका. तोवर प्रवाळाच्या चार चित्रफिती बघून समाधान मानावं लागलं तरी हरकत नाही.

शेवटी वीज आणि पूर, कारण आपण कोल्हापुरात राहतो. वीज गेली की प्रवाळ आधी उजेडावाचून मरत नाही, प्राणवायूवाचून मरतो. दिवे दोन दिवस बंद राहिले तरी चालतं, पाणी हलणं थांबून चालत नाही. म्हणून घरच्या इन्व्हर्टरवर फक्त एक पंप जोडून ठेवा. २० वॉटचा पंप १५० अँपिअर-अवरच्या चांगल्या बॅटरीवर दिवसभराहून जास्त ओढतो. २०१९ च्या महापुरात उपसा केंद्रंच पाण्यात गेल्यानं शहराचा नळ थांबला होता, म्हणून जुलै लागायच्या आत मी शून्य टीडीएसचं ४० लिटर पाणी भरून ठेवते आणि मिठाचा डबा भरलेला आहे ना ते बघते.

त्या मॉन्टीपोराच्या उघड्या पडलेल्या पट्ट्यावर श्रावणात हिरवं शेवाळ धरलं. मी खरवडलं नाही. गणपती झाले, नवरात्र झालं. दिवाळीच्या आठवड्यात एका रात्री दिवे मंद झाल्यावर भिंग घेऊन बघत बसले होते. शेवाळाच्या हद्दीवर केसाएवढी फिकट जांभळी कड चढली होती, आणि त्या कडेच्या मागे नवे पॉलिप उघडले होते. मोजले, अकरा भरले.